आधी आलेला आधी

यादी लागली आणि आईचा नंबर पहिला आला.

बेबीताईने चहाचा घोट तसाच तोंडात धरून ठेवला. कॉम्प्युटरवर नावं नव्हती, नुसते फाइल नंबर आणि त्यांच्यासमोर गुण. पण आईचा फाइल नंबर तिला झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगता आला असता. तिने घोट गिळला, चष्मा काढून रुमालाने पुसला आणि पुन्हा पाहिलं. सगळ्यात वरच्या ओळीत तोच नंबर होता. मग पन्नाशी ओलांडलेली ती बाई खुर्चीत एकटीच हसली, आणि आपल्याला हसताना कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून तिने काचेच्या दाराकडे एक नजर टाकली.

पन्नाशी ओलांडली तरी सगळे तिला बेबीच म्हणत. घरातलं शेंडेफळ म्हणून लहानपणी चिकटलेलं हे नाव शाळेत गेलं, कॉलेजात गेलं आणि शेवटी डोळ्यांच्या या हॉस्पिटलातही तिच्याआधी येऊन बसलं. इथे त्याला ‘ताई’ जोडलं गेलं, एवढीच काय ती बढती. तळमजल्यावर, औषधांच्या कोठीशेजारी नेत्रपेढीची खोली होती. गेलेल्या माणसांनी दान केलेल्या डोळ्यांवरचा पारदर्शक पडदा तिथे जपून ठेवत, आणि ज्यांचा स्वतःचा पडदा पांढरा पडून दिसेनासं झालं आहे त्यांना तो बसवत. पडदे थोडे आणि वाट पाहणारे फार, म्हणून रांग. ती रांग रोज पहाटे आपोआप लागत असे, आणि ती लावणारा प्रोग्रॅम बेबीताईने लिहिलेला होता.

त्या प्रोग्रॅमचा तिला अभिमान होता आणि तो लपवण्याच्या भानगडीत ती कधी पडली नाही. प्रत्येक रुग्णाला डॉक्टर गुण देत: पडदा किती पांढरा झाला, दुसऱ्या डोळ्याने किती दिसतं, दुखतं किती. जास्त गुणांचा माणूस वर. आणि गुण सारखे असले तर ज्याची नोंद आधी झाली तो वर. हा नियम बाहेरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेला होता. तो ज्यांच्यासाठी लावला होता त्यांना वाचता येत नसे हा भाग वेगळा. त्यांच्या सोबत आलेले त्यांना तो वाचून दाखवत. पूर्वी ही यादी हाताने लागायची तेव्हा कोणाचा मेहुणा, कोणाचा साहेब अशी चिठ्ठीचपाटी चालायची. प्रोग्रॅम आला आणि ती सगळी थेरं बंद झाली. “माझ्या प्रोग्रॅमला मेहुणे नाहीत,” असं बेबीताई म्हणायची, आणि हे वाक्य तिने इतक्यांदा म्हटलं होतं की ती तोंड उघडायच्या आतच शेजारच्या टेबलावरचा शंकासुर ते पूर्ण करायचा.

शंकासुर म्हणजे तिचा सहकारी. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हेच त्याचं काम होतं आणि देवाने त्याला चेहराही त्या कामाला शोभेलसा दिला होता.

फोन वाजला. वरच्या मजल्यावरून ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर बोलत होत्या.

“बेबीताई, पडदा आलाय एक. छान स्वच्छ आहे म्हणे. पहिल्या नंबरला दुपारच्या आत कळवायचंय, उद्या सकाळी ऑपरेशन. आजच्या यादीवर मोठ्या डॉक्टर मॅडमची सही झालीय ना?”

“झालीय,” बेबीताई म्हणाली.

आई. वर्षानुवर्षं बसमध्ये कंडक्टर म्हणून उभी राहिलेली तिची आई. डेपोत तिचं नाव ‘कडकबाई’ होतं. एक डोळा मागेच गेला, आता दुसऱ्यावरही पांढुरकं सावट चढत चाललेलं. माणसं ती आवाजावरून ओळखायची, कपात चहा किती झाला ते बोट बुडवून बघायची, आणि त्याबद्दल अवाक्षर काढायची नाही. पण बाहेर जाणं तिने सोडून दिलं होतं. बसची पाटी वाचता येत नाही आणि कोणाला विचारायचं नाही, असा तिचा हट्ट. “जन्मभर लोकांनी मला विचारलं, बाई, ही गाडी कुठं जाते? आता मी लोकांना विचारू?” असं म्हणून ती खिडकीशी बसे आणि इंजिनाच्या आवाजावरून कुठली बस गेली ते ओळखत राही. मागच्या तपासणीला मोठ्या डॉक्टरबाईंनी बेबीताईला बाजूला घेऊन सांगितलं होतं की रक्तवाहिन्या पडद्यात शिरायला लागल्यात. फार उशीर झाला तर नवा पडदा बसवूनही तो टिकेलच असं नाही.

आणि आज ती पहिली होती. बेबीताईने घरी फोन लावायला हात पुढे केला, आणि इथेच घोड्याने पेंड खाल्ली.

काल ती तिसरी होती.

काल ऑपरेशन झालं नव्हतं. कोणाचे गुण बदलले नव्हते. वरच्या तिघांचे गुण अगदी सारखे होते. मग काल तिसरी असलेली आई आज पहिली झाली कशी? दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, देव पावला. पण वीस-पंचवीस वर्षं हेच काम करणाऱ्या बाईचा देवावर विश्वास असला तरी आपोआप सुधारणाऱ्या गोष्टींवर नसतो. तिने फोन खाली ठेवला.

“काय झालं?” शंकासुराने विचारलं. त्याला चुकांचा वास लांबूनच यायचा.

“आई वर गेली.”

तो खुर्चीतून ताडकन उठला. “अरे देवा! कधी?”

“अरे, यादीत वर गेली!” बेबीताई ओरडली. “बस खाली. जरा बघू दे मला.”

रांग लावायचं खरं काम बेबीताईने स्वतः लिहिलेलं नव्हतं. कोणीच लिहीत नाही. आकड्यांच्या कामासाठी एक लायब्ररी असते; पुस्तकांची नव्हे, तर हुशार मंडळींनी लिहून ठेवलेल्या तयार कामांची. त्यातलं एक काम असं की त्याच्या हाती आकड्यांची ओळ द्यायची आणि ते ती जागच्या जागी लावून टाकतं. दुसरी प्रत काढत नाही, जागा अडवत नाही, आणि काम झाल्यावर तुमच्या हातावर काही ठेवतही नाही. नवखी पोरं त्याच्याकडून उत्तराची वाट बघतात आणि त्यांना मिळतं शून्य. उत्तर मागायचंच नसतं, दिलेली ओळच बदललेली असते. “तुमच्या आईसारखं आहे हे, ताई,” शंकासुर एकदा म्हणाला होता. “काम चोख, बोलणं नाही.” जागच्या जागी लावण्याचा एक अर्थ मात्र असाही होता की आधीचा क्रम मागे उरत नाही. काल रांग कशी होती हे आजची रांग विसरून जाते.

तिने जुन्या दिवसांच्या यादीच्या नकला काढल्या आणि एकीशेजारी एक ठेवल्या. जास्त गुणांचे वर, कमी गुणांचे खाली, यात कुठेही खोट नव्हती. पण सारख्या गुणांची जी माणसं होती, ती दर एक-दोन दिवसांनी आपापसात जागा बदलत होती. शेवटी एखादं नवं नाव जोडलं गेलं की वरची बरोबरीतली माणसं गपचूप इकडची तिकडे होत.

कारण तिला शेवटी सापडलं. लायब्ररीतलं ते काम लहान ओळ असली तर पत्ते हातात लावावेत तसं एकेक पान उचलून त्याच्या जागी खोचतं. त्यात बरोबरीतले जागचे हलत नाहीत. ओळ लांब झाली की मात्र ते वेगाची रीत धरतं. मधलाच एखादा आकडा धरून ओळ दोन्हीकडे फोडायची, मग तुकडे पुन्हा फोडायचे. आकडे बरोबर लागतात, पण बरोबरीतल्यांत आधी कोण आणि नंतर कोण हे ते पाळत नाही. पाळायला सांगितलं तर पाळतं. त्यासाठी एक शब्द जोडावा लागतो. तो तिने जोडला नव्हता. प्रोग्रॅम लिहिला तेव्हा तपासणीसाठी जेमतेम दहा नावं घेतली होती, आणि दहा नावं मुकाट्याने नियमात बसली होती. पुढे रांग वाढत गेली आणि नियम भिंतीवरच राहिला.

“मेहुणे नाहीत म्हणे,” ती स्वतःशीच म्हणाली.

शंकासुर तिच्या खुर्चीमागे येऊन उभा होता. एरवी अशा वेळी त्याचा चेहरा उजळत असे. आज तो नुसता म्हणाला, “ही चूक माझ्याही हातून निसटली, ताई. दहा नावांवर मीच शिक्का मारला होता.”

मोठ्या डॉक्टरबाईंच्या खोलीत शिरताना तिने दार वाजवलं की नाही हे तिला नंतर आठवलं नाही.

“मॅडम, यादी चुकलीय.”

“कोणाचे गुण चुकले?” डॉक्टरबाईंनी मान वर न करता विचारलं.

“गुण बरोबर आहेत. ज्यांचे गुण सारखे आहेत त्यांचा क्रम चुकलाय. आधी नोंद झालेला आधी, हे आपण पाळत नाही आहोत. पुष्कळ दिवसांपासून पाळत नाही आहोत. चूक माझी आहे.”

आता डॉक्टरबाईंनी मान वर केली. बेबीताईने सगळं सांगितलं, मागच्या ऑपरेशनांचंही. दोघांना थोडे आठवडे जास्त थांबावं लागलं होतं. नशिबाने त्यांचे डोळे पुढे नीट झाले होते. पण नशिबावर चालवायला हे काही जत्रेतलं चक्र नव्हतं. डॉक्टरबाईंनी शांतपणे ऐकलं.

“त्या दोघांना मी स्वतः फोन करून सांगते,” त्या म्हणाल्या. “आणि आज? आज पहिला नंबर कोणाचा आहे?”

“माझ्या आईचा.”

“आणि खरा?”

“खरी ती तिसरी. तिच्या आधी दोघं आहेत.”

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

“हे बघ, बेबी,” त्या म्हणाल्या. कामाच्या जागी ‘ताई’ गाळून त्या तिला पहिल्यांदाच हाक मारत होत्या. “आजच्या यादीवर माझी सही झालीय. सही झालेली यादी त्या दिवसापुरती कायम, हा नियम मीच केलाय, आणि तो तुझ्या आईसाठी केलेला नाही. आजचा पडदा आजच्या यादीने गेला तर कोणी तुझ्याकडे बोट दाखवू शकणार नाही. तू दुरुस्ती कर, उद्यापासून लागू होईल. आईंचा डोळा मी बघितलाय. तुला माहितीय मी काय म्हणतेय ते.”

“माहितीय.”

“त्या पुढच्या दोघांचे पडदे त्यांना मिळतीलच की. आज नाही तर महिन्याने.”

“मला पाच मिनिटं द्या, मॅडम,” बेबीताई म्हणाली आणि बाहेर आली.

ती जिन्याच्या पायरीवर बसली. खोटं कशाला बोला, त्या पायरीवर तिला आई पहिली हवी होती. नियम तिच्या बाजूने होता, डॉक्टर तिच्या बाजूने होत्या, सहीसुद्धा झालेली होती. आत जाऊन नुसतं ‘बरं’ म्हणायचं होतं, आणि उद्या सकाळी आईच्या डोळ्यावरचं पांढरं सावट निघालं असतं. त्या दोघांपैकी पहिल्या माणसाची फाइल तिला उघडता आली असती. तिने उघडली नाही. नाव पाहिलं की माणूस दिसतो आणि माणूस दिसला की तराजूचा काटा हलतो, मग तो कुठल्याही बाजूला का हलेना. पण न पाहताही तिला दिसत होतं की कुठेतरी एका घरात कोणीतरी फोनची वाट बघत बसलेलं आहे, त्याची वेळ आलेली आहे आणि त्याला ते माहीत नाही.

तिला बाबा आठवले. ती शाळेत होती, दुसरी-तिसरीत. एका संध्याकाळी बाबा आणि ती धावत थांब्यावर पोचले तर समोर आईचीच बस उभी, आणि रांग ही एवढी. बाबा रांग सोडून सरळ पुढच्या दाराशी गेले. घरचीच बस, मग काय! त्यांनी बेबीला उचलून पायरीवर ठेवलं. वरून आईने पाहिलं. “उतरा,” ती म्हणाली. बाबा हसले, त्यांना वाटलं गंमत करतेय. “उतरा खाली. आधी आलेला आधी. मागे जाऊन उभे राहा.” सगळी रांग बघत होती. बाबांनी बेबीला उतरवलं आणि दोघं मागे जाऊन उभे राहिले. त्यांचा नंबर यायच्या आत बस भरली, घंटी वाजली आणि बस निघून गेली. ती शेवटची बस होती. घर लांब होतं. बाबांनी तिला अर्धी वाट खांद्यावर घेतलं आणि सबंध वाटभर बायकोच्या माहेराचा उद्धार केला. रागावलेले होते ते, पण घर जवळ आलं तसे एकाएकी हसायला लागले आणि म्हणाले, “तुझी आई म्हणजे ना, यमालासुद्धा रांगेत उभा करेल!” त्यांच्या आवाजात काय होतं ते तेव्हा तिला कळलं नव्हतं. आता कळलं. तो अभिमान होता.

ती उठली आणि आत गेली.

“मॅडम, आजची सही रद्द करा. मी यादी पुन्हा लावते.”

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. “ठरलं?”

“तुमचा नियम बरोबरच आहे. पण मला कळलंय की यादी चुकलेली आहे. कळल्यानंतर ती माझी सही होते, तुमची नाही.”

खाली येऊन तिने दुरुस्ती केली. आधी सगळी रांग फाइल नंबरानुसार लावली, म्हणजे जो जसा आला तसा. मग गुणांनुसार लावताना तो राहून गेलेला शब्द जोडला. आख्ख्या दुरुस्तीत दोनच ओळी बदलल्या. शंकासुराने या वेळी दहा नावं घेतली नाहीत. त्याने आजवरच्या सगळ्या रुग्णांची लांबलचक रांग घेतली, पुन्हा पुन्हा उलटीसुलटी ढवळली आणि प्रत्येक वेळी लावून बघितली. बरोबरीतला एकही माणूस दुसऱ्याच्या पुढे गेला नाही. “आता तुमच्या प्रोग्रॅमला खरंच मेहुणे नाहीत, ताई,” तो म्हणाला, आणि हे म्हणताना तो हसला नाही. स्वतःच्या कामाचा इतका अभिमान बेबीताईला कधी वाटला नव्हता, आणि इतकं वाईटही.

यादीत आई तिसरी होती. पहिल्या नंबराला फोन लावायला सिस्टर आत आल्या तेव्हा बेबीताई खोलीबाहेर गेली.

संध्याकाळी आई खिडकीशी बसली होती. बेबीताईने पिशवी ठेवली, तोंड धुतलं, दोन कप चहा केला आणि तिच्यासमोर बसून झाला प्रकार जसा घडला तसा सांगितला. लपवण्यात अर्थ नव्हता. कडकबाईसमोर आजवर कोणाचं खोटं पायरी चढलं नव्हतं.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हणजे सकाळी मी पहिली होते.”

“हो.”

“आणि पडदा आला होता.”

“हो.”

“आणि डॉक्टरीण हो म्हणत होती.”

“हो, आई.”

आईने कप उचलला, न पिताच खाली ठेवला. तो बशीच्या काठावर बसला आणि कलंडला. बेबीताई पुसायला उठली तर आई म्हणाली, “राहू दे.” आणि मग, चहा टेबलावरून खाली ठिबकत असताना, ती म्हणाली, “एक दिवस थांबली असतीस तर काय आभाळ कोसळलं असतं का गं?”

बेबीताईला वाटलं होतं आई पाठ थोपटेल. उभ्या रांगेसमोर नवऱ्याला खाली उतरवणारी बाई दुसरं काय करेल, असं ती वाटभर धरून चालली होती. पण आई भिंतीला हात लावत लावत आपल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. जेवायलाही ती बाहेर आली नाही.

सकाळी बेबीताई उठली तेव्हा स्वयंपाकघरात दिवा नव्हता, पण चहाचा वास होता. आईला दिव्याची गरज उरली नव्हती. ती ओट्याशी उभी राहून कपात बोट धरून चहा ओतत होती.

“आज ऑपरेशन ना त्याचं?” तिने विचारलं.

“हो. नऊला.”

“बाई आहे की बुवा?”

“मी पाहिलं नाही.”

“बरं केलंस.” आईने कप तिच्या बाजूला सरकवला. अंदाज बरोबर होता, कप बरोबर तिच्या हाताशी आला. “काल मी जे बोलले ते बोलले. माझ्या तोंडून गेलं. डोळा माझा आहे, मला नाही का हाव सुटणार?”

“आई, अगं—”

“ऐक. तुला आठवतं, तुझ्या बाबांना आणि तुला मी खाली उतरवलं होतं ते?”

“आठवतं.”

“गाडी सुटल्यावर मी मागच्या काचेतून बघत होते तुमच्याकडे. वळण येईपर्यंत. तू त्यांचा हात धरून उभी होतीस, आणि हे काही गाडीकडे बघत नव्हते. लोक म्हणाले, वा बाई, काय कडक! मला मेलीला रडू येत होतं, आणि तिकिटं फाडत होते. हे आजवर कोणाला सांगितलं नाही मी.” ती थांबली. “कायम दारात उभी राहिलेली बाई मी. थांब्यावर उभं राहणं काय असतं, ते काल कळलं. तुला त्रास झाला असेल, बेबे.”

“झाला.”

“होणारच. व्हायलाच पाहिजे,” आई म्हणाली, आणि चाचपडत तिने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. ओला हात होता.

पुढे काही आठवड्यांनी तपासणीसाठी दोघी हॉस्पिटलात गेल्या. दुसऱ्या नंबराचाही पडदा मधल्या काळात येऊन गेला होता. डॉक्टरबाईंनी आईच्या डोळ्यात उजेड टाकून बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाल्या, “अजून वेळ आहे आपल्याकडे. थोडा आहे, पण आहे. आता पहिला नंबर तुमचाच.” आई म्हणाली, “येईल तेव्हा येईल.” खुर्चीवरून उठताना मात्र तिने लेकीचा दंड घट्ट धरला.

परत जाताना बेबीताई रिक्षा बघायला लागली, तर आईने मान हलवली. “बसने जाऊ.”

हॉस्पिटलासमोरच्या थांब्यावर नेहमीच अर्धी माणसं एका डोळ्यावर पट्टी लावलेली किंवा काळा चष्मा घातलेली असत. आईने स्वतःच अंदाज घेत रांगेचं शेपूट शोधलं आणि ती त्याला जोडून उभी राहिली. पुढे एक वयस्क गृहस्थ होते, डोळ्यावर प्लास्टिकची जाळीदार ढाल चिकटवलेली. बस आली. बेबीताई पाटी वाचायला तोंड उघडणार, एवढ्यात आईने पुढच्या माणसाच्या बाहीला हात लावला.

“अहो, ही गाडी कुठली?”

बेबीताई चमकली. आईच्या तोंडून हा प्रश्न तिने जन्मात ऐकला नव्हता.

गृहस्थ वळले. “थांबा हं, सांगतो,” ते म्हणाले. त्यांनी ढालीखालून डोळा बारीक केला आणि सावकाश, एकेक अक्षर लावत पाटी वाचली. गाडीचा नंबर वाचला. शेवटचा थांबा वाचला. मग ‘मार्गे’ वाचलं आणि मधले सगळे थांबे वाचले. बस थांबली तरी ते थांबले नाहीत. दाराशेजारी लिहिलेलं ‘चालत्या गाडीत चढू नये’ हेही त्यांनी वाचलं आणि एका साबणाच्या जाहिरातीलाही हात घातला. “माफ करा,” ते एकदम ओशाळून म्हणाले. “नवीन आहे ना. दिसेल ते वाचत सुटतो. घरचे कंटाळलेत.”

“वाचा की,” आई म्हणाली. “कधी झालं ऑपरेशन?”

“झाले थोडे आठवडे. मी तर आशा सोडली होती हो. आणि एका दुपारी फोन आला, उद्या या म्हणून.”

बेबीताईने पिशवीत काहीतरी शोधायला घेतलं. हेच ते की दुसरे कोणी, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि तिला विचारायचंही नव्हतं. त्या महिन्यात फोन काही एकालाच गेला नव्हता.

रांग सरकली. दाराशी पोचल्यावर त्या गृहस्थांनी आईची पांढुरकी नजर पाहिली असावी, ते बाजूला झाले आणि म्हणाले, “या बाई, चढा तुम्ही आधी.”

“छे, छे,” आई म्हणाली. तिचा पाठीचा कणा सरळ झाला आणि आवाज थेट डेपोतला झाला. “तुम्ही पुढं होतात. आधी आलेला आधी.” गृहस्थ मुकाट्याने चढले. आईने दारातला दांडा हाताने शोधला, पायरीवर पाय ठेवला आणि वर चढलेल्या त्या माणसाला ऐकू जाईल अशा बेताने मागे हात करून म्हणाली, “ही माझी मुलगी. तिथली रांग ही लावते.”

मागची माणसं खोळंबली होती. बेबीताई आईच्या पाठोपाठ चढली.